आजारी मुलाचा कित्ता

मूल तापाने फणफणले असताना आणि घरातली मोठी माणसे त्याच्या उशाशी रात्र रात्र बसून असताना, त्यांतल्याच कोणा एकाच्या मनात ‘याचे अक्षर बिघडेल काय’ अशी चिंता शिरावी, हे ज्याने अनुभवले नाही त्याला विपरीत वाटेल, आणि ज्याने अनुभवले आहे त्याला ते बोलून दाखविण्याचा संकोच वाटेल. प्राणावर बेतले असता वेलांटी-उकारांची आठवण होणे यात काही तरी क्षुद्रपणा आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आणि धर्मशील मनुष्य तर याच्याही पुढे जाऊन म्हणेल की, ज्याने मूल दिले त्याच्यावर भार टाकून स्वस्थ राहणे ज्याला साधत नाही त्याची श्रद्धाच उणी आहे. माझे मत याच्या उलट आहे. ही चिंता क्षुद्र नाही आणि अश्रद्धही नाही. मात्र ती कोठवर धर्म असते आणि कोठून पुढे मुलाच्या मानेवरचे ओझे होते, हा प्रश्न सोपा नाही. आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात तर तो दरवर्षी, पावसाच्या पहिल्या सरींबरोबर, घरोघर उभा राहतो.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेऱ्या वेगळ्या झाल्या, दप्तरे वेगळी झाली, परंतु अरण्य एकच राहिले आणि त्या अरण्यातला हिवतापही एकच राहिला. विदर्भातल्या शाळा उन्हाळ्याच्या कडाक्यामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. पहिलीच्या वर्गात गमभन गिरवून होते, काना-मात्रा सुरू होतात, पाटीवरचा हात वहीवर येऊ लागतो, ते दिवस म्हणजे आषाढ-श्रावणाचे, धानाच्या रोवणीचे. आणि नेमके तेच दिवस भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांत डासांचे आणि तापाचे असतात. महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांचा मोठा वाटा या एका जिल्ह्यातून येतो. एका प्रकारच्या हिवतापात ताप उतरल्यावरही पुढे १४ दिवस गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. शिवाय पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. म्हणजे ज्या दोन-तीन महिन्यांत बालकाचा हात अक्षराला वळण देण्यास शिकतो, त्याच महिन्यांत हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते. ही त्या मुलाची कसूर नव्हे, शिक्षकाचीही नव्हे. परंतु वर्ग पुढे गेलेला असतो, हे खरेच.

हिवताप निदान येतो आणि जातो. सिकलसेल मात्र जन्मासोबत येतो आणि जन्मभर राहतो. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी वाटोळ्या न राहता विळ्याच्या आकाराच्या होतात, १२० दिवस टिकावयाच्या त्या १०-२० दिवसांतच नाश पावतात, आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसल्या म्हणजे हाडांत असह्य कळा उठतात. लहान वयात, पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांचे असतानाच, या रोगाची पहिली खूण हातापायांच्या बोटांवर दिसते. बोटे सुजतात, तापतात, मुलाला मूठ मिटवत नाही. पुढे मूल शाळेत जाऊ लागल्यावर ती सूज सहसा राहत नाही, पण कळा राहतात, अशक्तपणा राहतो, थंडीत किंवा भर पावसात पुन्हा दवाखान्यात भरती होणे राहते. ज्या हाताने लेखणी धरावयाची त्या हातालाच रोगाने आधी शिवावे, ही गोष्ट त्या मुलाची आई कशी विसरेल?

अशाच एका दवाखान्याच्या बालकक्षात, सलाइनची नळी लागलेला उजवा हात पोटावर ठेवून पडलेल्या एका पोराच्या खाटेशी मी थोडा वेळ बसलो होतो. उशाशी स्टीलचा गडू, त्याखाली दाबून ठेवलेली दुरेघी वही, आणि वहीच्या उघड्या पानावर ‘कमळ’ हा एकच शब्द खालपर्यंत उतरविलेला; वरच्या ओळींत ‘ळ’ची दोन्ही वाटोळी सारखी, खाली येता येता एक मोठे आणि एक चेपलेले, आणि अखेरच्या तीन ओळी रिकाम्या. औषध द्यावयास आलेल्या परिचारिकेला त्याच्या आईने आधी ताप किती हे विचारले, रक्त चढवावे लागेल का हे विचारले, आणि ती पाठमोरी झाल्यावर हळूच म्हणाली, “ताई, याचं अक्षर बिघडन तं नाही ना जी?” परिचारिका थांबली, तिने वही हातात घेऊन पाहिली आणि “चांगलं आहे की अक्षर” असे म्हणाली. त्या बाईच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले ते तापाचा आकडा ऐकून दिसले नव्हते.

हे समाधान कशाचे होते याचा विचार मी पुष्कळ केला आहे. त्या बाईला स्वतःला वाचता येत नव्हते. ज्याला वाचता येत नाही त्याला आपल्या मुलाचे गणित बरोबर की चूक, त्याने धडा समजून घेतला की नुसता पाठ केला, हे ताडता येत नाही. त्याच्या विद्येचा एकच भाग असा असतो की जो निरक्षर मातेच्या डोळ्यांनाही पारखता येतो, आणि तो म्हणजे त्याचे अक्षर. ओळ सरळ आहे की नाही, शिरोरेषा तुटली आहे की अखंड आहे, काल जसे होते तसेच आज आहे की घसरले आहे, हे सांगावयास बाराखडी येण्याची गरज नाही. ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी न वाचलेल्या कागदांवर अंगठे उठविले, सावकाराच्या खतावर, जंगल खात्याच्या पंचनाम्यावर, जमीनदाराच्या कबुलायतीवर, त्या मुलखात पोराच्या हातून उमटलेली सुबक ओळ ही शोभेची वस्तू नसते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागे ग्रामसभेची वर्षानुवर्षांची चर्चा होती, अभ्यास होता, आणि ठराव व अर्ज आपल्या हाताने लिहून रुजू करण्याची सवयही होती. अक्षर येणे म्हणजे आपली कैफियत आपण मांडणे, हे तिथल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

दुसरे कारण याहून खोल आहे. मोठे भय मनाला फार वेळ धरून ठेवता येत नाही. ‘हे मूल किती वर्षे जगेल’ हा प्रश्न मातेच्या मनात येतो, परंतु तो उच्चारण्याइतके बळ तिच्या जिभेत नसते आणि त्याचे उत्तर ऐकण्याइतके बळ तिच्या कानांत नसते. म्हणून ती अक्षराविषयी विचारते. या विचारण्यात एक गृहीत धरलेले असते, आणि त्या गृहीताकडेच मला लक्ष वेधावयाचे आहे. ज्याचे अक्षर बिघडण्याची भीती आहे, तो पुढे लिहिणार आहे. जो लिहिणार आहे, तो जगणार आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या १९व्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला, आणि त्यात अक्षर वाटोळे, मोकळे, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखे कसे असावे हे सांगताना एक विलक्षण व्यवहारी सूचना केली: तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येणार नाही, मध्यम आकाराचे लिहावे. ब्रह्मज्ञानाच्या ग्रंथात, देह नश्वर आहे हे पानोपानी बजावणाऱ्या एका संन्यस्त पुरुषाने, लिहिणाऱ्याच्या वार्धक्याची तरतूद करून ठेवावी, याचे मला नेहमी आश्चर्य आणि समाधान वाटत आले आहे. सिकलसेल झालेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या अक्षराची काळजी करणारी आई हेच करीत असते. तो म्हातारा होईल या हिशेबाने ती त्याच्या वहीकडे पाहते. जिला अश्रद्धा म्हणावयाचे ती ही नव्हे. इतकी मोठी श्रद्धा मला पुष्कळ मंदिरांतही आढळलेली नाही.

परंतु फलत्यागाचे काय, असे कोणी विचारील. कर्म करावे, फळावर हक्क सांगू नये, ही गीतेची शिकवण आपण व्यापाऱ्याला सांगतो, कार्यकर्त्याला सांगतो, आणि ते दोघेही ती थोडीफार अंगी बाणवू शकतात; पण पालकाला ती कशी लागू करावी? मूल हे पालकाच्या कर्माचे फळ आहे असे मानले तर त्याच्याविषयी उदासीन राहावे लागेल, आणि असा उदासीन बाप कोणत्याही शास्त्राला आदर्श वाटणार नाही. येथे मला मार्कंडेयाची कथा आठवते, आणि ती या प्रांतातलीच आहे असे म्हणावयास हरकत नाही. कारण चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडादेवाचे जे प्राचीन मंदिर उभे आहे, जिथे महाशिवरात्रीला अवघा परिसर यात्रेला लोटतो, ती त्याची तपोभूमी असे लोक पिढ्यान्‌पिढ्या मानीत आले आहेत. शिवलिंगाला मिठी मारणारा मुलगा आणि पाश घेऊन आलेला यम, एवढेच आपण बहुधा लक्षात ठेवतो. माझे मन त्या मुलाच्या आईबापांपाशी रेंगाळते. मृकंडू ऋषींना वर मागताना विचारण्यात आले की, गुणहीन पण दीर्घायू पुत्र हवा, की गुणी पण अल्पायू. आणि त्यांनी दुसरा पत्करला. पुराणकारांना या निवडीचे कौतुक आहे. मला ते वाटत नाही. कोणत्याही मुलाचे आयुष्य आणि त्याचे गुण एका तागडीत समोरासमोर ठेवून बापाने सौदा करावा, हा प्रश्नच अन्यायाचा आहे. आणि रुग्णालयातली ती निरक्षर बाई मृकंडूपेक्षा मला शहाणी वाटते, कारण तिने दोहोंपैकी एक निवडण्याचे साफ नाकारले. तिला ताप उतरावयास हवा होता आणि ‘ळ’सुद्धा वाटोळा हवा होता.

मात्र याच कथेचे जे दुसरे रूप पद्मपुराणात आहे, त्यातला मृकंडू मला फार जवळचा वाटतो. मुलाचे आयुष्य थोडेच उरले आहे हे एका ज्ञानी पुरुषाकडून कळल्यावर तो काय करतो? मुलाला हे सांगत नाही. त्याची मुंज करतो, आणि त्याला एक लहानसा नेम लावून देतो: जो कोणी भेटेल त्याला नमस्कार कर. मुलगा तो नेम पाळतो. एके दिवशी सप्तर्षी त्या वाटेने येतात, तो त्यांच्या पाया पडतो, त्यांच्या तोंडून ‘दीर्घायू हो’ हा आशीर्वाद निघून जातो, आणि मग दिलेला शब्द खरा करण्याची जबाबदारी ऋषींवर आणि ब्रह्मदेवावर येऊन पडते. चमत्काराचा भाग बाजूला ठेवा. जगण्याची मुदत सरत आली आहे हे ठाऊक असलेल्या बापाने मुलाचे शिक्षण थांबविले नाही. आणि शिकविताना आपल्या मनातले भय त्याच्या कानी जाऊ दिले नाही. त्याने आशा सोडली होती काय? मुळीच नाही, आशा नसती तर तो नेमच लावला नसता. पण त्या आशेची वसुली त्याने मुलाकडून केली नाही. फलत्यागाचा पालकाला लागू पडणारा अर्थ मला या ठिकाणी सापडतो: आशा ठेवावी, अगदी घट्ट ठेवावी, परंतु ती पुरी करून दाखविण्याचा जामीन मुलाला राहावयास लावू नये.

याच मुलखात आणखी एक प्रश्न पालकांच्या उरावर बसलेला असतो, आणि तो पूर्वसंचिताचा. ‘कोणत्या जन्मीचे पाप’ हे शब्द मी शिकल्यासवरल्या माणसांकडूनही ऐकले आहेत. अरण्यातल्या गावांत कोणी देवाचा कोप म्हणतो, कोणी पुजाऱ्याकडे नेतो. पुजाऱ्याकडे नेण्याचा मला राग नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या शोधग्रामात डॉ. अभय आणि राणी बंग यांनी उभारलेल्या रुग्णालयाला दंतेश्वरी मातेचे नाव आहे, आणि देवीच्या नावाखाली रक्त तपासले जाते, औषध दिले जाते, यात मला कोणतीही विसंगती दिसत नाही. भाव आणि उपचार यांचे भांडण लावणारे आपणच. पण पापाची भाषा मला सहन होत नाही, कारण या विकाराविषयी जे ज्ञात झाले आहे ते तिच्या अगदी उलट आहे. आई आणि बाप या दोघांकडूनही सिकलसेलचा दोष आला तरच मूल आजारी होते, आणि दोघेही वाहक असले तर प्रत्येक खेपेस तशी शक्यता चारात एक असते. ज्याच्याकडे दोष एकाच बाजूने आला आहे तो वाहक मनुष्य बहुधा धडधाकट असतो. इतकेच नव्हे, तर १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवून दिले की, अशा वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते. म्हणजे या दाट अरण्यात, जिथे हिवतापाने शतकानुशतके बालके नेली, तिथे ज्या रक्ताने कित्येक पूर्वजांना बालपणीच्या मृत्यूतून तारले, तेच रक्त दोन्हीकडून एकत्र आले की आज एका बालकाला पीडा देते. याला पाप म्हणावयाचे? पुष्कळांच्या जगण्याची किंमत हे एक मूल आपल्या हाडांत मोजीत आहे. माझ्या दृष्टीने हा त्याच्या मागल्या जन्माचा दोष नसून आपणा सर्वांवर असलेले त्याचे ऋण आहे, आणि ऋणाची भाषा पत्करली म्हणजे कर्तव्य धनकोवरून उतरून ऋणकोवर येते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला आपल्या यादीत घेतले, ते त्या कर्तव्याचे एक लहानसे कलम होय.

आता चिंता कोठे बिघडते ते पाहावे. आई वहीकडे प्रेमाने पाहते तोवर ठीक असते. मग शेजारच्या घरातल्या, रोज शाळेत जाणाऱ्या मुलाची वही समोर येते, आणि तापातून उठलेल्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन ‘दोन पाने काढ’ असा हुकूम सुटतो. मूल लिहू लागते. बोटांत जोर नसतो, म्हणून ते पेन्सिल अधिक घट्ट धरते, टोक मोडते, कागदावर वळ उमटतात, अक्षर आणखी वाकडे येते, आणि आईच्या तोंडावरचा रंग पाहून मुलाला कळून चुकते की आपण आजारी पडलो हा आपला गुन्हा होता. माझा सारा विरोध आहे तो या क्षणाला. ज्या चिंतेत मुलाच्या आयुष्यावरचा विश्वास होता तिने आता मुलालाच आपले समाधान करण्याच्या कामाला लावले. माडिया किंवा गोंड घरातल्या मुलाच्या बाबतीत तर ही गोष्ट दुप्पट कठोर होते. कारण ज्या मराठीची अक्षरे ते गिरवते ती त्याच्या घरातली भाषाच नसते, आणि शाळा चुकली की अक्षर आणि भाषा दोन्ही एकदम दुरावतात.

महात्मा गांधींना आपल्या वाईट अक्षराची खंत आयुष्यभर होती. आत्मचरित्रात ते तिचा उल्लेख करतात, आणि त्यावर उपाय म्हणून मुलांना आधी चित्रकला शिकवावी, अक्षरे मागाहून, असे सांगतात. त्यांच्या ‘नई तालीम’ या शिक्षणपद्धतीचा विचार १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडला गेला, म्हणजे या अरण्यापासून फार दूर नव्हे. आधी चित्र, मग अक्षर हा उपदेश आजारी मुलाला विशेष लागू पडतो. ज्या बोटांनी हे मूल उन्हाळ्यात आईशेजारी बसून तेंदूची ७० पाने मोजून, देठ जुळवून पुडके बांधते, ती बोटे अडाणी नाहीत. त्यांना वळण आहे, माप आहे, धीर आहे. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने पाटीवर मोहाचे पान काढावे, नदी काढावी, राखेत बोटाने मोठा ‘क’ काढून पुसून टाकावा. दुखू लागले की थांबावे. सहा-सात वर्षांच्या हाताची घडण अजून चालूच असते, आणि चुकलेले महिने तो हात, बळ परत आल्यावर, आपल्या पायरीने भरून काढतो. ज्याचा हात पुढेही साथ देणार नाही, त्याला परीक्षेत लेखनिक मागता येतो, आणि आपले म्हणणे दुसऱ्याच्या हातून स्पष्ट उतरविणे हीदेखील विद्याच आहे. सुंदर अक्षर नसताना चांगला मनुष्य होता येते, हे सांगावयास गांधींचेच उदाहरण पुरे आहे. तरी मी त्या आईला ‘अक्षराचे सोडून दे’ असे सांगणार नाही. सुबक लिहिणे हा वाचणाऱ्याविषयीचा आदर आहे, आणि आजारी मुलाला त्या आदरातून वगळणे हा त्याच्यावर उपकार नव्हे.

शिक्षकांना मात्र माझी एक मागणी आहे. महिन्या-दीड महिन्याने मूल शाळेत परत आले म्हणजे त्याच्या शुद्धलेखनाच्या वहीत मागली पाने कोरी दिसतात. तपासणीला साहेब येणार, वही पूर्ण दिसली पाहिजे, म्हणून पुष्कळ ठिकाणी त्या पानांवर मागल्या तारखा घालून मुलाकडून मजकूर उतरवून घेतला जातो. ही पद्धत बंद व्हावी. त्यात मुलाची बोटे दुखतात, आणि त्याच्या आजाराचे दिवस खोटे लिहून पुसले जातात. त्या पानांच्या माथ्यावर शिक्षकांनी आपल्या हाताने ‘आजारी होता’ एवढे लिहून सही करावी, पुढच्या पानावर आजची तारीख घालावी, आणि पहिल्या दिवशी मुलाला एकच ओळ द्यावी.